दवाखान्यातल्या स्वयंपाकीणबाईचे हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी माझी ही शाळेतली मराठी बघून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. हसायचं तर हस. मला आज तुझ्याशी भांडायचंय.

नंदुरबारच्या त्या दवाखान्यात हगवणीच्या रोग्यांसाठी तू पेज रांधायचीस. नवापूरकडच्या डोंगरातून गाडीने आणलेली, पोट धरून वाकलेली माणसं ती. शहरातून आलेले डॉक्टर त्यांच्यावर एका नव्या इंजेक्शनाचा अभ्यास करत होते. बरे झालेले काहीजण पुन्हा आजारी का पडतात, ते त्यांना कळेना. मग त्यांनी झाडूवाल्यापासून स्वतःपर्यंत सगळ्यांचंच शौच सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. जंतू निघाला तो तुझ्यात. तुझं पोट तर कधी दुखलंसुद्धा नव्हतं!

तुला मागच्या खोलीत ठेवलं. मी खिडकीशी येते आणि तू आतूनच ओरडतेस, "आठे नको येऊ, पोरी. दूर उभी ऱ्हाय." डॉक्टर भले होते, पण अभ्यासाने झपाटलेले. म्हणाले, "बाई, दुखणं नाही आणि जंतू आहे, असं माणूस मला मिळतच नव्हतं. तुमचा मला फार उपयोग आहे." तू फटकन म्हणालीस, "उपयोग शे, मंग माले कोंडी काब्र ठेवी ऱ्हायनात?" तुलाही तेच इंजेक्शन टोचायचे. त्याने काळीज कमजोर होतं म्हणून ते रोज तुझी नाडी बघत आणि उठायचं नाही म्हणून बजावत. दिवसा कधी पाठ न टेकलेली बाई तू, कौलं बघत पडून राहायचीस. जेवणाआधी नर्सबाई तुझे हात लाल औषधाच्या पाण्यात बुडवायला लावायची. तपासणीत पुन्हा जंतू निघाला की पुन्हा तेच सगळं. हे लोक तुला आता सोडत नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं आणि मी रडून रडून अर्धी झाले होते.

सोडलं एकदाचं. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले, "पोट साफ झालंय, आता खुशाल रांधा," म्हणाले. पण जंतू पोटात होता हे तुझ्या डोक्यात शिरलंच नाही. रोज धुवून घेतले ते हात, म्हणजे खोट हातातच, असं तू धरून बसलीस. घरी बाबांनी भाकरी थापल्या, मी करपवल्या, तू कोपऱ्यात हात पदराखाली घेऊन बसलेली. माझं लग्न झालं, लेकरू झालं. त्याला तू पायांवर घेतलंस, पण एक घास भरवला नाहीस. खोलीचं दार केव्हाच उघडलं होतं गं! इतका राग यायचा मला तुझा.

म्हणून एका अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आले तेव्हा हट्टच धरला. कणीक तुझ्यापुढे सरकवली, म्हटलं, मांडे तूच करायचेस, नाहीतर मी उपाशी परत जाईन. तू हात धुतलेस, राखेने घासलेस, पुन्हा धुतलेस. उलट्या खापराखाली जाळ पेटलाय, आणि तू पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरतेस, अगदी पूर्वीसारखा. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तुझी नजर माझ्या पोराकडे गेली. तू तो मांडा तसाच हातांवर घेऊन उठलीस. मला वाटलं, गाईला घालतेयस. तू परसात खड्डा केलास आणि तो पुरलास. "गायले बी नको," म्हणालीस.

त्यानंतर मी कधी आग्रह केला नाही. तू गेलीस, तोवर चुलीपुढे बसली नाहीस.

मांडे मला शेजारच्या गुजर काकूंनी शिकवले, तू गेल्यावर. हातावर पुष्कळ फाटले आधी. आता आखाजीला सुना आणि नाती माझ्याभोवती जमतात, आणि कुणीतरी विचारतंच, "आजी, तुले कोनी शिकाडं?" हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून सांगते, माय. मी म्हणते, "मन्ही मायनी."