भरून आलेली टाळू

शुक्रवार, संध्याकाळ. यवतमाळ, मुलांचा वॉर्ड.

सकाळी बाळाच्या टाळूवर तेल घालताना सासूबाई खुश होत्या. "पाह्य, कशी भरून आली टाळू. तेलाचा गुण हाय." मी त्याला उभं धरलं. एरवी तिथे हलका खड्डा पडतो. आज रडत नव्हता, तरी टाळू वर, ताणलेली. कालपासून उलट्याही. वाद घातला नाही, दारव्ह्याहून सरळ जीप धरली.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात पाणी साचून दाब वाढलाय, उद्या नळी टाकू, वेळेत आणलंत. मला भीती का वाटत नाहीये? जीपमध्येच सरली बहुतेक.

सासूबाई सोबतच आल्यात. आत्ता पिशवीतून तेलाची बाटली काढली. मी नुसतं पाहिलं.

"टाळूले नाही लावत," म्हणाल्या, आणि त्याचे तळपाय चोळू लागल्या.