चालवणाराही अर्ज करू शकतो

आप्पा, मी हल्ली विजेवर चालणाऱ्या रिक्षा विकते. विकते म्हणजे, गाडी फिरवून दाखवायला आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते सांगायला दुसरे लोक आहेत. मी काचेच्या केबिनमध्ये बसून कागद बघते. सुरतेत, उधन्याहून सचिन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शोरूम आहे. सरकारची सूट कोणाला मिळते, टॅक्स किती माफ होतो, कुठली योजना चालू आहे आणि कुठली गेल्याच महिन्यात बंद झाली, हे मी येणाऱ्याला समजावून सांगते. त्याचं आधार कार्ड लावते, त्याला नव्या गाडीशेजारी उभं करून फोटो काढते, कारण सूट ज्याच्या नावावर, गाडीही त्याच्याच हातात, याची सरकारला खात्री हवी असते. फोटोसाठी उभे राहिलेले बहुतेक जण हसत नाहीत, बोहल्यावर चढल्यासारखे ताठ उभे राहतात. तुम्ही कसे उभे राहिला असतात, असा विचार रोज येत नाही, पण येतो.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला नियम शिकवायला एक साहेब आले होते. त्यांनी बोलता बोलता सांगितलं की विजेवरच्या रिक्षाला परमिट लागत नाही. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. तुमची सगळी उमर दुसऱ्याच्या परमिटवर गेली. रिक्षा शेठची, परमिट शेठचं, तुमची फक्त खाकी आणि पाठदुखी. संध्याकाळी दिवसाचं भाडं शेठच्या घरी पोचवायचं आणि उरेल त्यात आपलं घर. निव्वळ पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून तुम्ही त्यात घासलेट मिसळायचात. रेशनचं ते निळं घासलेट, नवागामच्या आपल्या खोलीत मोरीजवळच्या डब्यात असायचं. सकाळी तुम्ही डब्याला हात लावलात की आई स्टोव्हला पिन मारता मारता म्हणे, "आते मी स्टोव्ह काय पाणीवर पेटाडू?" तुम्ही थोडं तिच्या स्टोव्हमध्ये ओतायचात आणि उरलेलं घेऊन खाली जायचात. कुणाच्या वाट्याला किती, हे तुमचं तुम्हालाच माहीत असायचं.

शाळेत मला तुम्हीच सोडायचात. रिक्षा मागून पांढरा धूर सोडायची आणि माझ्या युनिफॉर्मला दिवसभर घासलेटचा वास येत राहायचा. आठवीत असताना एकदा वर्गातल्या दोन मुली रस्त्यात दिसल्या, तेव्हा मी नाकाला रुमाल लावला, जणू मी कुठल्यातरी अनोळखी रिक्षात बसले आहे. तुम्ही आरशात बघितलंत. शाळेच्या फाटकाशी गाडी बंद करून तुम्ही मागे वळलात आणि म्हणालात, "रुमाल लावायचा असेल तर चालत येत जा. तू तर पुढे निघून जातेस. माझ्या मागे सगळं गाव चालतं, त्याच्या नाकात जातं. मला कळत नाही असं वाटतं का तुला?" एवढं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. दुपारी मात्र नेहमीच्या जागी घ्यायला आलात आणि सीटवर कागदात बांधलेली बोरं ठेवलेली होती.

त्याच वर्षी गॅसचा हुकूम आला. ठरावीक मुदतीनंतर रिक्षाला सीएनजीची किट नसेल तर पासिंग होणार नाही, असं स्टँडवर सगळे बोलू लागले. काही चालक संतापले होते, मोर्चाची भाषा चालली होती. मग एक दिवस कुणीतरी सरकारी पत्रक घेऊन आलं, किटसाठी मदत मिळणार होती त्याचं. सगळं गुजरातीत. तुम्ही गुजराती सुरतेच्या माणसासारखं बोलायचात, पण वाचायला तुम्हाला मराठीच येई. मी शाळा सुटून स्टँडवर आले तर तुम्ही आणि तुमचे तीन सोबती तो कागद धरून उभे. त्यातले एक काका आधी लूमवर होते, तिथे त्यांची दोन बोटं गेली म्हणून रिक्षावर आलेले. त्यांना तुम्ही म्हणालात, "थांबा, माझी पोर वाचते. गुजराती फटाफट वाचते ती."

मला तो क्षण आत्ताही समोर दिसतो. मी कागद हातात घेते, चार माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत, तुमची मान ताठ झालेली आहे. मी मोठ्याने वाचू लागते. पहिली काही वाक्यं सरळ जातात. मग एक वाक्य येतं, त्यात 'मालिकनी बांहेधरी' असे शब्द आहेत. मालिक कळतो. बांहेधरी हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. आज तो मी दिवसातून चारदा लिहिते, हमीपत्र, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या दिवशी मी तिथे अडले. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय?" मला अडलंय असं त्या चौघांसमोर म्हणायची लाज वाटली. मी उरलेलं वाक्य न वाचताच कागदाची घडी केली आणि म्हणाले, "मालकांसाठी आहे, आप्पा. चालवणाऱ्यांसाठी काही नाही." कुणी शंका घेतली नाही. बोटं गेलेले काका म्हणाले, "आपल्यासाठी कधी असतं?" आणि सगळे आपापल्या गाडीकडे गेले.

त्याच आठवड्यात शेठने रिक्षा आपल्या मेव्हण्याला दिली आणि पुढे तिला किट बसवून घेतली. तुम्ही सचिनच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला लागलात. हात कधी जांभळे, कधी हिरवे होऊन यायचे, आणि आई भात वाढताना ते बघायची नाही. कायद्याला तुम्ही कधी शिवी दिली नाहीत. एका रविवारी तर तुम्ही आम्हा दोघींना टोमॅटोची भजी खायला डुमसच्या किनाऱ्यावर घेऊन गेलात, तेही गॅसची रिक्षा भाड्याने करून. पहिल्यांदाच तुम्ही मागच्या सीटवर बसला होतात आणि गुडघे कुठे ठेवावेत ते तुम्हाला सुचत नव्हतं. रस्ताभर मागे वळून बघत होतात. "बघ," म्हणालात, "काहीच दिसत नाही मागे." नवी गाडी स्वतःची असावी तसा आनंद तुमच्या चेहऱ्यावर होता. मी भजी खाल्ली, पण तुमच्याकडे बघून बोलू शकले नाही. तोपर्यंत मला त्या शब्दाचा अर्थ कळला होता. वर्गातल्या बाईंना विचारला होता, ते पत्रक शोधून पुन्हा वाचलं होतं, आणि उरलेलं वाक्य माझ्या डोक्यात पाठ झालेलं होतं: मालकाच्या हमीपत्रासह चालवणाराही अर्ज करू शकतो. मुदत मात्र संपून गेली होती.

त्यानंतरही तुम्ही सगळे कागद माझ्याकडेच आणायचात. मिलची पावती, रेशन कार्डाची नोटीस, शेवटी शेवटी दवाखान्याचे रिपोर्ट. फक्त आता म्हणायचात, "सावकाश वाच. अडलं तर अडलं म्हण, मला घाई नाही." मला वाटायचं, दुखण्याने तुम्ही मऊ झाला आहात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, आणि सांगायचं राहून गेलं असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं तर राहून गेलं नव्हतं. मी सांगत नव्हते.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ केबिनमध्ये आले. कागदाची पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा मला हाताची उरलेली बोटं दिसली. काकांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं नाही, मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांची गॅसची रिक्षा जुनी झाली, आता विजेची घ्यायची होती. मी त्यांना सगळं सांगितलं, एकेक ओळ बोट ठेवून. ते ऐकता ऐकता हसायला लागले.

"तुझा बाप असाच सांगत होता," ते म्हणाले. "ते गॅसच्या वेळचं पत्रक आठवतं? चार-पाच दिवसांनी त्यानं पासिंग ऑफिसात कुणाकडून तरी परत वाचून घेतलं. धावत स्टँडवर आला. म्हणे, चालवणाऱ्यालाही मिळतं, मालकाची सही आणा. आम्ही तिघांनी अर्ज केले. माझी पहिली किट त्याच्यातच बसली."

मी विचारलं, "आणि आप्पांनी?"

"त्याच्या शेठनं दोन दिवस आधीच गाडी मेव्हण्याला देऊन टाकली होती. आधी कळलं असतं तरी सही देता का नाही, कोण जाणे. माणूस कंजूष होता." काकांनी कागदांची पिशवी जवळ ओढली. "आम्ही म्हटलं, पोरीनं चुकीचं वाचलं रे. तर आमच्यावरच चिडला. म्हणे, पोरले सांगू नका. तिनं वाचणं बंद व्हई जाई."

मी कागद सरळ करत राहिले. डोक्यात मात्र दवाखान्याची खोली होती, तुम्ही खाटेवर, रिपोर्ट माझ्या हातात, आणि तुमचं ते सावकाश वाच. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तरी तुम्ही मरेपर्यंत माझ्याकडूनच वाचून घेतलंत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, कुणाला दाखवायचाही नाही. एक गोष्ट उरली आहे, ती लिहून मी तो बाजूला ठेवीन. काका निघताना दारात थांबले होते. म्हणाले, "मोठी झाल्यावर सांगितलं असेल म्हणा त्यानं तुला." बाहेर सेल्समधली पोरं उभी होती, दोन गिऱ्हाइकं होती, सगळे माझ्याकडे बघत होते. मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आप्पा, की मला काहीच माहीत नव्हतं. मी मान हलवली आणि म्हणाले, "हो काका, सांगितलं होतं."