बावीतल्या टाचण्या

मंगळवार, दिवेलागण

आज आनंदाच्या भरात मीच घोळ घातला. नात मीनल मुंबईला जाताना शिकवून गेली, पंख पसरून बसतो तो चतुर नि मिटून बसते ती टाचणी. आम्ही आपले सगळ्यांनाच चतुर म्हणायचो. आज बावीवर पाणी शेंदताना दिसली की! निळी, काडीएवढी, पंख मिटलेले. एक नाही, दोन. तिथूनच ओरडले, "अगो सूनबाई, आपल्या बावीत टाचण्या झाल्यात!"

ती धावत आली, तोंड उतरलेलं. "अहो आई, बाळ पितं ते पाणी! कुणी टाकल्या?"

लेकाने लगेच सावर्ड्याच्या पंपवाल्याला फोन लावला. उद्या बाव उपसायची म्हणे. म्हटलं, "अरे, कागदाला टोचायची नव्हे, किडा आहे तो."

"किडा? मग तर उपसायलाच हवी!"

सगळी हसली. मीही हसले, पण जीव बावीपाशीच आहे. मीनल सांगत होती, त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात. ती सगळी पंपातून चिखलात जाणार. पण बाळाला खरंच काही झालं तर? आम्ही हेच पाणी पीत आलो, तरी तान्हं ते तान्हंच. मग मी त्याचं पाणी गाळून, उकळून देईन ना. रोज देईन.

कसे मिटले होते गो पंख, हात जोडल्यासारखे.

ठरलं. उद्या पंप आला की मी बावीच्या कठड्यावर बसणार. म्हणेन, आधी म्हातारीला उपसा.