पूर्वेच्या गॅलरीतल्या काचा

४ जून

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. महिनाभर आमच्या क्रीडागृहात माणसांची ये-जा चालू आहे. ऐंशी वर्षांची इमारत ठेवायची की पाडायची, हे ठरवायला पालिकेने समिती नेमली आहे. अर्धे म्हणतात, असं छत आता कुणी बांधणार नाही. अर्धे म्हणतात, पाडा आणि वाहनतळ करा. मला कुणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी इथला रखवालदार. सामन्याच्या दिवशी गुणफलकावर आकड्यांच्या पाट्या मीच लावायचो आणि राहतोही इथेच, पूर्वेच्या गॅलरीखालच्या दोन खोल्यांत. पण समितीच्या लेखी मी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा.

त्यातल्या इंजिनिअर बाई मात्र चांगल्या आहेत. गॅलरीखालच्या खांबांना भेगा गेल्या आहेत, त्यांच्यावर बाईंनी काचेच्या पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर लाल रंगाने तारीख घातली. भेग वाढली तर काच तडकते, नाही वाढली तर शाबूत राहते. अशा नऊ पट्ट्या आहेत. दर महिन्याला बाई येऊन पाहणार, नोव्हेंबरात अहवाल देणार. एरवी लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

बाकी ठीक. संध्याकाळचा चहा मी सात हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर पितो. फलकावर शेवटच्या बास्केटबॉल सामन्याचा निकाल अजून तसाच आहे, ६४–६३. पुढचा सामना होईपर्यंत आकडे उतरवायचे नाहीत हा इथला नियम, आणि चार वर्षांत सामना झालेला नाही. बोट कापलंय म्हणून अक्षर वाकडं आलंय. फ्रेमवाल्याकडून थोडी काच आणली होती, ती लागली.

माझ्यावर जेवढी माया आहे तेवढी राहू दे.

तुझा
बारक्या


१५ जून

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बोटामुळे वाकडं आलं म्हणतोस. तुझं बोट पहिलीपासून कापलेलंच होतं म्हणायचं मग.

वहिनी गेली आणि तू एकटा पडलास, त्याला सहा वर्षं झाली. इकडे राहायला ये, असं मी दर पत्रात लिहिते आणि तू दर पत्रात तो परिच्छेद वाचायचा विसरतोस. मागची खोली रिकामी आहे. ऊन चांगलं येतं. भिंतीला एक उभी चीर गेली आहे, तिच्यावर मी कॅलेंडर टांगलंय. तारखा बघायला नव्हे, चीर दिसू नये म्हणून. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. काल रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईंना मी दोनदा उत्तर दिलं. वेड लागलं नाहीये, एकटी आहे एवढंच.

समिती काय ठरवते ते कळव. बोट ओलं ठेवू नकोस.

आठवण काढत जा, मी काढतेच आहे.

तुझी
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. नऊच्या नऊ पट्ट्या शाबूत निघाल्या. एवढी जुनी इमारत आणि सहा महिन्यांत तसूभर हलली नाही, याचं बाईंनाही नवल वाटलं. त्यांनी तसा अहवाल दिला. समितीतले पाडा म्हणणारे आता गप्प झालेत. डिसेंबरच्या वीस तारखेला मतदान आहे, पण ते नावापुरतं. जानेवारीत शाळांच्या स्पर्धांनी क्रीडागृह पुन्हा उघडणार. पूर्वेच्या गॅलरीत दोन हजार मुलं बसवायची ठरली आहेत.

चार दिवस खुर्च्या पुसतोय. तुझी वहिनी जिथे बसायची ती खुर्ची आधी पुसली. सामना कितीही रंगला तरी तिचं लक्ष फलकाकडेच असायचं. मी आकडा उलटा लावेन याची तिला धास्ती. दोनदा लावलाही होता. ती खुर्ची सोडून मी कुठे जाऊ, हे मला खरंच कळत नाही. तुझा परिच्छेद मी विसरत नाही, ताई.

पुन्हा बोट कापलंय. फ्रेमवाला विचारत होता, गावभरचे फोटो तूच फ्रेम करायला घेतलेस का.

लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा
बारक्या


२० नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी या वर्षीची सगळी पत्रं काढून बसले होते. जूनमध्ये बोट, ऑगस्टमध्ये अंगठा, सप्टेंबरात तळहात, आता पुन्हा बोट. तुझ्या दोन खोल्यांना मिळून खिडकी एक, तिलाही जाळी. मग एवढी काच तुला कशाला लागते?

लहानपणी अंगात ताप असला की तू थर्मामीटर गार पाण्यात बुडवून आईला दाखवायचास आणि सामना बघायला पळायचास. आई फसायची. ताप मात्र जागेवरच असायचा, आणि तिसऱ्या दिवशी तुला उचलून घरी आणावं लागायचं.

तडकलेल्या पट्ट्या काढून तू नव्या लावल्यास, त्यावर जुन्याच तारखा घातल्यास. माझं चुकत असेल तर चार शिव्या घाल, मी आनंदाने खाईन.

एक गोष्ट कबूल करते. हे लक्षात आल्यावर मला आधी ती दोन हजार मुलं आठवली नाहीत. इमारत पाडली तर तू इकडे येशील, हे आधी मनात आलं. बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली की पत्र लिहायला पाच दिवस लागले. माझ्याकडे यायचं नसेल तर येऊ नकोस, पण बाईंना खरं काय ते सांग. दहा डिसेंबरपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर मी स्वतः त्यांना लिहीन. मग तू जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी सोसेन.

तुझी
ताई


२५ नोव्हेंबर

ताईस,

पत्र मिळालं. तुला तुझी मागची खोली भरायची आहे, म्हणून माझं घर पाडायला निघालीस. पुन्हा लिहू नकोस.

बारक्या


१ डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालास, म्हणून एवढंच. जखम रोज धुऊन पट्टी बदलत जा. आणि दहा तारीख मी विसरलेली नाही.

ताई


१४ डिसेंबर

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पुन्हा लिहू नकोस म्हणणारं ते कार्ड पेटीत टाकलं आणि येऊन तुझ्या वहिनीच्या खुर्चीत बसलो. फलकावर आकडा बदलला की पूर्वेची गॅलरी पाय आपटायची. मी समोर फलकापाशी उभा असायचो, आणि तिथे माझ्या हातातली पाटी थरथरायची. दोन हजार मुलं शांत बसणार नाहीत. हे मला जूनपासून ठाऊक होतं. तू सांगितलंस म्हणून कळलं असं नाही.

तरी बाईंना सांगायला आठ तारीख उजाडली. तुला एक सांगायचं राहिलं होतं. तडकलेल्या पट्ट्या मी टाकून दिल्या नव्हत्या. बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या, आणि कुठली पट्टी कुठल्या खांबावरची, कधी तडकली, त्याची चिठ्ठी प्रत्येकीला गुंडाळली होती. चौदा होत्या. कशासाठी ठेवल्या ते माझं मलाच सांगता येत नाही. टाकवल्या नाहीत.

डबा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चौदाही चिठ्ठ्या वाचल्या, तारखांप्रमाणे ओळीने लावल्या. मी बोलणी खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी विचारलं, की हे सहा महिने मी झोपत कुठे होतो. तिथेच, गॅलरीखाली, म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्याच संध्याकाळी मला तिथून हलवलं. सध्या फ्रेमवाल्याच्या माळ्यावर आहे. मी सगळं लिहून सही करून दिलंय, होईल ती चौकशी होईल. मतदान वीस तारखेलाच आहे, पण ते पुन्हा नावापुरतंच; मार्चमध्ये पाडणार.

तिची खुर्ची उचकटून आणावी असं मनात होतं. आत जाऊ देत नाहीत. फलकावर ६४–६३ तसंच आहे. उतरवायचं म्हटलं तरी पुढचा सामना कुठे आहे.

कार्डावर जे लिहिलं ते खरं नव्हतं. तुझी खोली भरायची होती आणि माझी रिकामी व्हायला हवी होती, दोन्ही खरं असू शकतं. गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो. सामान एकच पेटी आहे.

लोभ कमी झाला असेल तर तो माझ्यामुळे झाला, मीच भरून काढीन.

तुझा
बारक्या

ता. क. मागच्या खोलीतलं कॅलेंडर काढून ठेव. त्या चिरेवर लावायला काचेची एक पट्टी आणतोय. तिच्यावर तारीख मात्र तू घाल.