पापणी लवायची विसरते

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर माझे लाल डोळे बघून बाबा उठून गेले. काकांचं पिणं त्यांनी जन्मभर सोसलं, त्यामुळे त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. आई, मी दारूला शिवलेलोसुद्धा नाही.

घड्याळं दुरुस्त करताना दिवसभर डोळ्याला भिंग असतं आणि वरून एसीचा गार झोत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. शेवटी दुकानातले थोरले कारागीर हाताला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

त्या म्हणाल्या, "अश्रू कमी पडतायत. भिंग लावलं की तुमची पापणी लवायची विसरते."

मी म्हटलं, "लहानपणी फार रडलो, साठा संपला असेल."

त्या हसल्या नाहीत.

आता चार वेळा औषध घालतो आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात पिळलेलं फडकं डोळ्यांवर ठेवतो. ते ऊन असेपर्यंत फार बरं वाटतं. तुझी कंबर कशी आहे? बाबा फिरायला जातात ना?

इथपर्यंतचं त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. बुबुळावर ओरखडे पडलेत, म्हणून बाईंनी हे काम सोडायला सांगितलंय. मालकांशी अजून बोललो नाही. काल एक बारीक स्क्रू मला दिसलाच नाही, थोरल्या कारागिरांनी गुपचूप बसवून दिला. मला दुसरं काही येत नाही गं, आई.

तुझा,
बाळ्या