आमेननंतरची जागा

कार्डिफ,
नोव्हेंबर १९६९

मार्थाताईंना,

तुम्ही वारलात आणि मागाहून तुमच्या नवऱ्याशी, डॉक्टरांशी, लग्न करून मी या घरात आले. हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, तरी लिहिते.

रोज जेवणानंतर डॉक्टर मोठ्यानं प्रार्थना करतात. वॉर्डातले पेशंट, नगरच्या आत्याबाई, माझा खोकला, सगळं नावानिशी देवापुढं मांडतात. मग 'आमेन' म्हणतात, पण डोळे उघडत नाहीत. गॅसची शेगडी सुरसुरत राहते आणि हे गप्प. प्रार्थनेत तुमचं नाव यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. सुरुवातीला त्याचं बरं वाटायचं. मग कळलं, तुम्ही त्या गप्प बसण्यात आहात.

सोमवारी मला राहवलं नाही. ती शांतता मोडून मीच म्हटलं, "प्रभू, मार्थाताईंसाठी मी तुझे आभार मानते." देवाशी धडधडीत खोटं बोलले.

यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. म्हणाले, "सुगंधा, शब्दांत मावतं तेवढं मी बोलून मागतो. उरलेलं त्याच्यापुढं नुसतं घेऊन बसतो."

म्हणजे मी शब्दांत मावते. रात्रभर तेच डोक्यात.

काल प्रार्थनेत माझं नाव आलंच नाही. खोकलाही नाही. आमेन झालं, हे गप्प झाले, आणि मिटल्या डोळ्यांनीच यांनी माझा हात धरला.

मार्थाताई, तिथं आता मीही आले आहे. जरा सरकून बसा.

तुमच्यानंतरची,
सुगंधा