कॅन्सर आतड्याचाच, मुक्काम यकृतात

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, तेव्हा काळजी घे असं लिहून शाई वाया घालवत नाही. इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, पण क्षेम नाही आणि मी भयंकर चिडलेली आहे.

गेल्या वर्षी माझं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं काढलं म्हणाले होते. आता तो यकृतात पसरलाय. हे डॉक्टरांनी आधी कुणाला सांगितलं? तुझ्या भाच्याला, मला बाहेर बाकावर बसवून. (आजार माझा, पोट माझं, आणि बाकावरही मीच.) चिरंजीव चेहऱ्याला इस्त्री करून बाहेर आले. "थोडी सूज आहे, आई." अगं, माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. गाळलेला शब्द मला दिसत नाही होय?

मग बातमी फुटली, अर्थात मला सोडून सगळीकडे. धाकटे दीर आले, खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "वहिनी, यकृत म्हणजे... कधी घेत होता का?" (विचारणारा कोण, तर ज्याला घरी पोचवायला दोन माणसं लागतात तो.) शेजारीण कसलासा हिरवा रस घेऊन आली, म्हणे काविळीवर रामबाण. सुनेनं तेल बंद केलं. सगळे माझ्या यकृताची सेवा करत होते आणि त्याला झालंय काय हे मलाच कुणी सांगत नव्हतं.

शेवटी मी एकटीच जाऊन डॉक्टरांपुढे बसले. विचारलं, "मला यकृताचा कॅन्सर आहे का?"

"नाही," ते म्हणाले. मी पिशवी उचललीसुद्धा. "आतड्याचाच आहे. तिथल्याच पेशी रक्तातून यकृतात जाऊन वाढल्यात. म्हणून औषधंही आतड्याच्याच कॅन्सरची."

"बरा होईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेक नाही. गाठी पसरलेल्या आहेत, कापून काढता येणार नाहीत. औषधानं आवरता येईल. किती काळ, ते औषध कसं लागू पडतं त्यावर."

ताई, कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्यात बोललं. तरी त्यांनाही सोडलं नाही. आधी का सांगितलं नाहीत म्हटलं, तर म्हणे मुलगा नको म्हणाला. घरी येऊन मुलाला असा झापला की तो जेवणाच्या टेबलाशी हमसून रडला. मग मीच त्याला वाढलं, तेही रागातच.

आपल्या माणसाशी खरं बोलायला काय होतं गं लोकांना?

तुझी धाकटी

ता. क. रस, काढे, चूर्णं काही पाठवू नकोस. फेकून देईन.

आणखी एक. पत्रभर मी आईची चौकशी केली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या घरून तिचा रोज फोन येतो आणि मी रोज सांगते, जरा दगदग झाली. पुढे तोंडच उघडत नाही. तू सांग तिला. नाही, थांब, तू सांगू नकोस. तिला घेऊन ये. मीच सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस.